जुन्या पद्मिनीचा कार्बोरेटर: उघडायचा कधी, धुवायचा कसा आणि ई२०चं काय

इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आलं आणि २०२५मध्ये बहुतेक पंपांवर तेच साधं पेट्रोल होऊन बसलं. मग फॉरवर्ड सुरू झाले: कार्बोरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गळणार, इंजिन जळणार, अ‍ॅव्हरेज कोसळणार. गॅरेजमध्ये विचारावं तर एकजण सांगतो जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठं करून घ्या, दुसरा म्हणतो कार्बोरेटरच नवा टाका, तिसरा गाडीला गिऱ्हाईक शोधायला लागतो.

यातलं खरं किती हे ठरवायचं तर कार्बोरेटर आत काय करतो आणि त्याची दुरुस्ती म्हणजे नक्की कशाची दुरुस्ती, हे आधी कळायला हवं. उदाहरणाला आपल्याकडचीच गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट काढली, तिचंच नाव पुढे १९७४च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या मात्र लोकांनी अजून जपल्या आहेत. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर सहसा सोलेक्स बनावटीचा एकनळी कार्बोरेटर.

माझं मत आधीच सांगतो. कार्बोरेटर हे मापाचं यंत्र आहे. कारखान्यात ठरवलेली मापं झिजतात, बुजतात, किंवा कोणीतरी ‘सुधारतं’. दुरुस्ती म्हणजे ती मापं जागेवर आणणं. सुधारणा करायला बसलेल्या माणसाच्या हातून जितके कार्बोरेटर वाया गेलेत, तितके म्हातारपणाने गेले नसतील.

## आत चालतं काय?

पूर्वी घरोघरी डासांसाठी पत्र्याचा फ्लिटचा पंप असायचा. पुढे डबी, डबीत औषध, औषधात बुडालेली बारीक नळी आणि मागून हवा ढकलणारा दांडा. हवा नळीच्या तोंडावरून जोरात गेली की औषध आपोआप वर चढून तिचे तुषार उडायचे. कार्बोरेटरचं तत्त्व हेच. फरक इतकाच, की इथे दांडा मारायला माणूस नाही. पिस्टन खाली जाताना हवा आत खेचतात.

ही हवा एका नळीतून जाते आणि ती नळी मध्येच अरुंद केलेली असते. या गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. अठराव्या शतकात अशा नळ्यांचा अभ्यास करणाऱ्या इटालियन शास्त्रज्ञाचं हे नाव. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. शेजारच्या वाटीत पेट्रोल असतं, त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पेट्रोल ढकललं जातं, गळ्यात येतं आणि हवेत मिसळतं. म्हणजे इंजिन पेट्रोल ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, पण खरं तर वातावरण ते आत ढकलत असतं. म्हणूनच वाटीला बाहेरची हवा देणारं बारीक भोक बुजलं, तर बाकी सगळं चकाचक असूनही गाडी गचके देते.

आता प्रमाण बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मांडलं तर एक लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. हे प्रमाण राखायचं, तेही गाडी सिग्नलला उभी असताना, घाट चढताना आणि एक्सप्रेसवेवर. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. सगळा कारभार काही पितळी भोकांवर.

या भोकांना जेट म्हणतात. प्रत्येक जेटवर आकडा कोरलेला असतो. सोलेक्समध्ये १२० म्हणजे भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## एक नाही, चार-पाच वाटा

कार्बोरेटर समजायला अवघड वाटतो कारण त्यात एकच काम चालत नाही. वेगवेगळ्या वेळी पेट्रोल वेगवेगळ्या वाटेने जातं.

गाडी स्लोवर, म्हणजे इंजिन चालू ठेवून, उभी असते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली फिरती चकती, जवळजवळ बंद असते. गळ्यात वेगच नसतो, त्यामुळे मुख्य वाट झोपलेली. तेव्हा पेट्रोल येतं पायलट जेटमधून, चकतीच्या खाली उघडणाऱ्या एका भोकातून. तिथेच स्लोच्या मिश्रणाचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू असतो. पाय थोडा दाबला की चकतीची कड सरकून आणखी एक-दोन इवली भोकं उघडी पडतात, ती स्लो आणि वेग यांच्यातला सांधा भरतात. वेग आला की मेन जेटची वाट जागी होते. तिच्यात वरून थोडी हवा सोडणारं वेगळं जेट असतं. ते नसतं तर वेग वाढेल तसं मिश्रण पेट्रोलने जड होत गेलं असतं. ज्या नमुन्यांत पंप असतो तिथे पाय एकदम दाबला की एक रबरी पडदा, डायफ्रॅम, पेट्रोलची पिचकारी सोडतो. आणि सकाळी थंड इंजिन चालू करायला चोकची स्वतंत्र व्यवस्था.

आता तक्रारी या वाटांवर मांडा, निम्मं निदान बसल्या जागी होतं. स्लोला बंद पडते पण रस्त्यावर झकास पळते? पायलट बुजलाय, किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. ओव्हरटेक करताना पाय दाबला की क्षणभर मेल्यासारखी होते आणि मग उचलते? पंपाचा पडदा फाटलाय किंवा त्याचं जेट बुजलंय. स्लो छान, पण साठच्या पुढे दम नाही? मेन जेट, नाहीतर वाटीत पेट्रोलच पुरेसं पोचत नाही. चोक आत ढकलूनही काळा धूर आणि पेट्रोलचा वास? सोलेक्सच्या बऱ्याच नमुन्यांत चोकसाठी झाकणाऐवजी फिरती चकती असते. ती झिजली की चोक बंद असूनही पेट्रोल झिरपत राहतं.

वाटीतली पातळी या सगळ्याच्या मुळाशी असते. पितळेचा पोकळ फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, पातळी वाढली की वर येऊन सुईसारखी निडल तिच्या बैठकीत दाबतो आणि आवक थांबते. पातळी दोन मिलिमीटर चुकली तर वरच्या सगळ्या जेटांचे आकडे बरोबर असून उपयोग नाही.

## पण बिघाड खरंच कार्बोरेटरमध्ये आहे का?

बहुतेक वेळा नसतो. हे वाक्य कोणाला आवडत नाही, कारण कार्बोरेटर डोळ्यांसमोर असतो, त्याला स्क्रू असतात आणि स्क्रू फिरवायचा मोह आवरत नाही. पण पॉइंट जळालेले, डेल्कोची कॅप तडकलेली, कंडेन्सर कमजोर, टायमिंग सरकलेलं, म्हणजे ठिणगीच्या व्यवस्थेतच दोष असलेली, अशी गाडी अगदी कार्बोरेटर बिघडल्यासारखीच वागते. म्हणून क्रम ठरलेला: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग पॉइंट-प्लग-टायमिंग, मग पेट्रोलची आवक (टाकीतला गंज, फिल्टर, इंजिनवरचा पेट्रोल पंप) आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट्या क्रमाने गेलात तर कार्बोरेटर चुकीच्या स्पार्कशी जुळवून बसतो आणि मग दोन्ही बिघडलेले राहतात.

उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होत असेल तर तोही सहसा कार्बोरेटरचा दोष नसतो. पेट्रोलची वाफ पंपात किंवा नळीत अडकते. टॅक्सीवाले इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी, आणि तो उपाय शास्त्रशुद्ध आहे.

## खोलताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मोकळ्या हवेत बसा, जवळपास कोणी बिडी ओढत असेल तर त्याला चहाला पाठवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. लिंक कुठल्या भोकात होती, स्प्रिंग कुठल्या बाजूने अडकवलेली होती, हे उद्या आठवत नाही. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जोर देऊ नका. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, दाबलं तर टोकावर खाच पडते आणि तो स्क्रू पुन्हा कधीच नीट जुळत नाही.

जेट पितळेची असतात, पितळ मऊ. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर आधी तो आणा. खाच एकदा गेली की जेट काढायला ड्रिल लागतं. एखादं जेट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या.

निघालेल्या प्रत्येक जेटचा आकडा भिंगातून वाचून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहणं हे माझ्या मते संपूर्ण कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच गाळलं जातं. चाळीस-पन्नास वर्षांत गाडीने किती हात पाहिलेले असतात! कोणी अ‍ॅव्हरेजसाठी बारीक जेट घातलेलं असतं, कोणी अ‍ॅम्बेसेडरचं बसवलेलं असतं. सीएनजीवर धावलेल्या गाडीतून कार्बोरेटर आला असेल तर आणखी सावध राहा. वर्षानुवर्षं पेट्रोल न दिसलेली पॅकिंग आणि पडदे वाळून आखडलेले असतात.

## धुणं: इथे घाई नको

कार्बोरेटरचं अंग बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं. ओलावा लागला की त्यावर पांढरी पूड धरते. जुनं पेट्रोल सुकून आत पिवळसर-तपकिरी लाख बसते. दोन्ही काढायला कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि मऊ ब्रश पुरतो. अल्ट्रासॉनिक मशीन मिळालं तर उत्तम, कारण अंगातल्या आडव्या-उभ्या बोगद्यांत ब्रश पोचत नाही. रबर, पडदा आणि फ्लोट मात्र क्लीनरमध्ये बुडवायचे नाहीत.

आता ती तार. प्रत्येक गॅरेजात क्लचच्या केबलचा एक बारीक धागा असतो आणि बुजलेल्या जेटमधून तो फिरवला जातो. स्टीलची तार पितळेला ओरखडते. गणित करून बघा: १.२० मिलिमीटरचं भोक १.३० झालं, म्हणजे दिसायला केसाएवढा फरक; पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे भोक १७ टक्क्यांनी मोठं झालं. तार एका फेरीत इतकं वाढवणार नाही हे खरं, पण वर्षानुवर्षं दर सर्व्हिसला फिरली तर भोक गोलही राहत नाही आणि मापातही. जेटवरचा आकडा मात्र तोच राहतो, आणि पुढचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. बुजलेलं जेट क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर नायलॉनच्या ब्रशचा केस फिरवा. नाहीच निघालं तर नवं घ्या.

हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. शिवाय पंपाच्या वाटेत छोटी छोटी छर्रे-बॉल असतात, ती उडून गेली की गॅरेजच्या फरशीवर रांगायची वेळ येते.

## झीज कुठे शोधायची?

किट विकत घेऊन पॅकिंग बदललं म्हणजे कार्बोरेटर ‘रिबिल्ट’ झाला असा समज आहे. किटमध्ये मिळतात पॅकिंग, निडल, डायफ्रॅम, वॉशर. पण जुन्या कार्बोरेटरचा सगळ्यात मोठा आजार किटमध्ये येतच नाही. तो आहे थ्रॉटलच्या दांड्याची झीज.

हा दांडा दर वेळी पाय दाबला की फिरतो आणि लाखो वेळा फिरून त्याची भोकं लांबट होतात. दांडा धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर तिथून हवा आत शिरतेय. ही हवा जेटांनी मोजलेली नाही. स्लोवर जेव्हा एकूण हवाच थोडी असते तेव्हा ही चोरटी हवा मिश्रण पार पातळ करते. मग मेकॅनिक मिक्श्चर स्क्रू बाहेर काढत जातो, स्लो वाढवत जातो आणि तरी गाडी सिग्नलला कधी भुर्र तर कधी फुस्स. कितीही ट्युनिंग केलं तरी टिकत नाही अशा गाडीत मी सगळ्यात आधी दांडाच हलवून बघतो.

उपाय लेथवाल्याकडे. भोक सरळ रेषेत मोठं करून त्यात पितळेचे किंवा गनमेटलचे बुश (आतून बसणाऱ्या छोट्या नळ्या) बसवायचे, गरज असेल तर दांडा नवा करायचा. ऐकायला सोपं, पण दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसतील तर चकती अडकते. ज्याने आधी कार्बोरेटरचं काम केलंय असाच टर्नर गाठा. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. चकती दांड्याला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते आणि स्क्रूंची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात, ती उगीच नव्हे. परत बसवताना नवे स्क्रू घेऊन टोकं तशीच पक्की करा. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

बाकीच्या तपासण्या पटकन होतात. फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो गळका; आत पेट्रोल शिरलेला फ्लोट जड होतो आणि वाटी ओसंडते. निडलच्या टोकावर अंगठीसारखी रेघ उमटली असेल तर निडल आणि बैठक जोडीने बदला. बुडाचा पृष्ठभाग काचेवर ठेवून बघा. नट मर्यादेबाहेर आवळल्यामुळे कोपरे बहुधा वाकलेले असतात. काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून तो सपाट घासता येतो, मात्र थोडं घासायचं आणि पुन्हा बघायचं.

## जोडताना

पॅकिंगच्या जागी सिलिकॉनची ट्यूब वापरू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, त्याचे धागे सुटतात आणि नेमके जेटमध्ये जाऊन बसतात. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बेकेलाइटसारखा जाड तुकडा असेल तर तो फेकू नका. इंजिनची उष्णता वाटीपर्यंत पोचू नये म्हणून तो आहे. निडलच्या बैठकीखालचा वॉशर निव्वळ गळती थांबवायला नसतो. सोलेक्समध्ये वाटीतली पातळी त्या वॉशरच्या जाडीवर ठरते. जाड वॉशर म्हणजे निडल खाली, म्हणजे पातळी खाली. किटमधला वॉशर जुन्यापेक्षा वेगळ्या जाडीचा निघाला तर सगळं स्वच्छ करूनही गाडी आधीपेक्षा वाईट चालते, आणि कोणाला कारण सापडत नाही.

## ट्युनिंगसाठी कान पुरतात का?

अनुभवी कान बऱ्यापैकी पुरतो. इंजिन पूर्ण तापवा. थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो थोडा वर ठेवा. मिक्श्चर स्क्रू आत फिरवत जा, इंजिन अडखळेल. बाहेर फिरवत जा, इंजिन जड होऊन डुलायला लागेल. दोन्हींच्या मधे जिथे सगळ्यात वेगाने आणि गुळगुळीत चालतं तिथे थांबा, मग स्लो खाली आणा. सोलेक्सचा हा स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. स्कूटरच्या काही कार्बोरेटरांत तो हवेचा असतो आणि उलटा चालतो. तिथूनच बरेच गोंधळ होतात.

पण कानापेक्षा चांगलं एक साधन आपल्या नाक्यावर आहे: पीयूसीचं मशीन. ते धुरातलं कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत मोजतं, आणि हा वायू म्हणजे अर्धवट जळलेल्या पेट्रोलची पावतीच. जुन्या पेट्रोल मोटारींना स्लोवर ३ टक्क्यांची मर्यादा आहे. आकडा ६ आला तर मिश्रण जड आहे. फार खाली गेला आणि गाडी अडखळत असेल तर पातळ आहे किंवा मिसफायर होतोय. पीयूसीवाल्याला चार पैसे जास्त देऊन नळी पाइपात ठेवूनच स्क्रू फिरवू द्या म्हणावं. बहुतेक जण हौसेने थांबतात, जुन्या गाडीभोवती माणसं जमतातच.

## आता ई२०: खरी भीती किती?

दोन वेगळे प्रश्न एकत्र करून घबराट झालीय. एक, रबर आणि धातू टिकतील का? दुसरा, मिश्रणाचं माप बिघडेल का?

पहिल्याचं उत्तर: जुने भाग टिकणार नाहीत. इथेनॉलमुळे त्या काळातलं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा चिरतं. डायफ्रॅम, पेट्रोलचा पाइप, पंपातला पडदा, सगळेच त्यात आले. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि तिथे जस्ताचं अंग खातं. पण याला तोड आहे. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप आणि पडदे मिळतात. व्हायटन हे त्यातलं सर्वांत खात्रीचं. रबर एकदा बदललं की या आघाडीवर काळजी बरीच संपते. पाइप आधी बदला, तोही लगेच. गरम इंजिनावर गळणारा पाइप हा अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नाही, आगीचा आहे.

दुसऱ्याचं उत्तर गणितात आहे. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा, ई२०ला सुमारे १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच भोकातून जुन्याच मापाने देत राहतो. म्हणजे मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ पडतं. नव्या गाडीत सेन्सर ही तूट भरून काढतो, पद्मिनीत तुम्हालाच भरावी लागेल. किती? क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चारच टक्के वाढावा लागतो. १२०चं जेट असेल तर १२५चं. गॅरेजवाला ‘जेट मोठं करू’ म्हणत ड्रिल उचलतो आणि १३० करून ठेवतो, तेव्हा तो आठ टक्क्यांची तूट सतरा टक्क्यांनी भरत असतो.

आणि खूपदा काहीच बदलावं लागत नाही. ज्या गाडीचं मिश्रण आधीच जड होतं ती ई२०वर उलट ठिकाणावर येते. लांबच्या फेरीनंतर प्लग काढून बघा. पोर्सेलीन फिक्कट तपकिरी असेल तर हात लावू नका. पांढरंफेक असेल, पाय दाबताना कार्बोरेटरमधून फट्-फट् येत असेल, इंजिन नेहमीपेक्षा तापत असेल, तर एक पायरी मोठं जेट विकत घ्या, भोक पाडून नाही. जुनं जेट डबीत जपा. गंमत म्हणजे महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, हवा विरळ असल्याने कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप सहा-सात टक्के जड होतं. तिथे राहणाऱ्या पद्मिनीला ई२०चा त्रास सगळ्यात कमी व्हावा!

अ‍ॅव्हरेज मात्र पडणार. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. कुठलंही जेट ते भरून काढू शकत नाही.

## मग सरळ नवा कार्बोरेटर का नको?

मूळ कंपनीचा, न वापरलेला मिळाला तर जरूर घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कधीमधी हाती लागतो. पण आज ‘नवा’ म्हणून जे विकलं जातं त्यात नकलेचा माल बराच. दिसायला हुबेहूब, आत जेटवर १२० कोरलेलं आणि भोक भलतंच. जुन्या मूळ अंगात अजून दम आहे, तडा नाही, आट्या शाबूत आहेत, तर बुश बसवून तोच चालवणं शहाणपणाचं. फार तर नकली कार्बोरेटर सुट्या भागांसाठी घ्या, त्यातला फ्लोट आणि लिव्हर कामी येतात.

## पेट्रोलमध्ये ओतायची बाटली?

हलकी लाख सुटायला थोडी मदत होते. बुजलेलं जेट तिने सुटत नाही, कारण बुजलेल्या वाटेने बाटलीतलं औषध जाणार कसं? झिजलेल्या दांड्यावर तर तिचा काहीच इलाज नाही.

## आणि फ्युएल इंजेक्शन बसवलं तर?

तांत्रिकदृष्ट्या होतं. पण जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, सेन्सर, कॉम्प्युटर, त्याला पुरेल असा अल्टरनेटर, म्हणजे निम्मी गाडी बदलली. शिवाय २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक हवा असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता या वयात येऊ लागल्या आहेत. रोज ऑफिसला नेणार असाल तर गोष्ट वेगळी. रविवारी सकाळी फिरवायची असेल तर कार्बोरेटर पुरे.

## गाडी महिनोन्महिने उभी असते, तिचं काय करायचं?

कार्बोरेटर मारणारी सवय हीच. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे लाख उरते, रबर वाळतं आणि पावसाळ्यात इथेनॉल ओलावा गोळा करतं. महिनाभर गाडी हलणार नसेल तर पेट्रोल पंपाची नळी काढून इंजिन स्लोवर बंद पडेपर्यंत चालवा, वाटी रिकामी होते. सुटलेलं नळीचं तोंड बुचाने बंद करा, सांडलेलं पुसून मगच किल्ली फिरवा. चार महिन्यांसाठी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा, रिकामी जागा जितकी कमी तितकी ओली हवा कमी. नुसतं दर रविवारी पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करण्याने फायदा नाही, इंजिन तापतही नाही. पंधरा दिवसांतून एकदा वीस किलोमीटर फिरवून आणा.